नखाएवढी जागा

चित्र विकाऊ नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तुमचं तोंड उतरायला नको. पण एवढ्या लांबून आलात तर बसा. दिवा तुमच्याकडे सरकवतो, वीज आजही गेलीच आहे. आणि ती दूधभाताची वाटी राहू द्या तिथंच, पाय लागेल. तिचं मग सांगतो.

चौकट हातात घेतल्याबरोबर तुम्ही समोरून बघायला लागलात, तेव्हाच मी ओळखलं की तुम्ही हौशी. रागावू नका. काचेवरचं चित्र आधी पाठीकडून बघायचं असतं. भिंतीवर काढताना चितारी आधी जमीन, म्हणजे मागचा रंग, भरतो, मग माणूस, मग त्याचे दागिने. काचेवर सगळं उलटं. काढायचं काचेच्या पाठीवर आणि बघायचं पुढून. म्हणून नथ पहिली, डोळ्यातली बाहुली पहिली, मग चेहरा, मग लुगडं आणि मागची भिंत सगळ्यात शेवटी. जे आपल्याला सगळ्यात पुढं दिसतं ते सगळ्यात आधी काढलेलं असतं. त्याच्या पुढं नंतर कुणाला काही घुसवता येत नाही, कारण पुढं काच आहे. एवढं ध्यानात ठेवा.

मी मूळचा पौडचा. आमच्या वडिलांनी पुण्यात चौकटींचं दुकान टाकलं, जुन्या चित्रांचा नाद मी लावून घेतला. या धंद्यात डोळे आणि तोंड दोन्ही लागतं. डोळ्यांनी चांगलं बघायचं आणि तोंडानं वाईट बोलायचं. ओल लागलीय, रंग सुटलाय, मागाहून कुणीतरी हात मारलाय... घरधनी खट्टू झाला की भाव खाली येतो. उभा जन्म मी हेच केलं आणि त्याची लाज कधी वाटली नाही.

एकोणसाठ सालच्या वैशाखात कुशाबा नावाचा माणूस दुकानात आला. भरे गावचा शेतकरी, तिशीच्या आतबाहेरचा. टोपी हातात घेऊन बराच वेळ नुसता उभा. मी म्हटलं, "बोला की."

"चाचा, आमच्या आईकडं एक काचंचं चित्र हाय. म्हातारी बाई हाय, पोपट हाय. तुमी येऊन बघावं."

"आणता येत नाही?"

"ती हात लावू देत न्हाई."

चुलत आजोबा कुणा सरदाराच्या वाड्यावर चाकरीला होते, त्यांना ते चित्र बक्षीस मिळालेलं, असं म्हणाला. ऐकूनच माझ्या तोंडाला पाणी सुटलं. असलं चित्र खेड्यात गवसतं तेव्हा ते कुणी आधी बघितलेलं नसतं.

दोन दिवसांनी सकाळच्या एस.टी.नं पौडला उतरलो, कुशाबा थांबलाच होता. तिथून एका मालमोटारीनं मुळशीच्या धरणापर्यंत नेलं आणि पुढं काठाकाठानं आम्ही दोघं पायी. ऊन मी म्हणत होतं. पाणी पार तळाला गेलं होतं. एरवी बुडालेली जमीन वर आली होती, भेगाळलेली, राखेच्या रंगाची. मधूनच झाडांचे काळे बुंधे, घरांची जोती. सुकल्या चिखलाचा एक वास असतो, शिळ्या पाण्याचा. तो नाकात बसला तो बसलाच.

कुशाबा चालता चालता बोलला. माझ्याकडे न बघता बोलला.

"ते तिसरं जोतं दिसतंय ना, ते आमचं घर. धरनात पानी अडवलं तवाची गोष्ट. समदे वर टेकाडावर आले. चित्र तेवढं खाली भिंतीवर ऱ्हायलं. माझी थोरली भन हुती, सगुणा. सहा वर्साची. ती चित्र आनाया म्हनून पळाली. कुनाला ठावं न्हाई. सांजच्याला चित्र तरंगत आलं... पालथं. पोर न्हाई आली."

तो चालतच राहिला.

"चित्र सुलटं केलं, तर आई म्हनती त्यात पोर हुती. बाईच्या पदराला धरून उभी. आई म्हनती आधी न्हवती. बा म्हनायचा, हुतीच, तुला आठवत न्हाई. आता बा न्हाई आन् ती वस्तीबी न्हाई, कोन कुटं गेलं कोन कुटं. आई एकटीच हाय हितं. त्या चित्रातल्या पोरीला रोज दूधभात वाढती. मी बारका हुतो तवा माझ्या आधी तिचं पान असायचं, चाचा. मला त्या नसलेल्या बहिनीची लई चीड याची."

मग तो थांबला आणि खरं काम सांगितलं. गेल्या पावसात रात्री आईच्या झोपडीची भिंत बसली. आई खाली अडकली. तिसऱ्या दिवशी एका गुराख्यानं तिला काढलं. कुशाबानं आईला भऱ्याला न्यायचं ठरवलं होतं, पण ती चित्राजवळून हलेना आणि चित्र पाण्याजवळून हलवू देईना. पोरीला पाणी दिसलं पाहिजे, नाहीतर ती घाबरेल, म्हणायची. येता पाऊस ती काढणार नाही, हे त्याला दिसत होतं.

"तुमी जानकार. पोर चित्रात पयल्यापास्नं हाय, येवढं तिला सांगा. माझं ती ऐकत न्हाई."

"असेल तर सांगेन," मी म्हटलं. "असणारच. काचेवर मागाहून काढता येत नाही."

त्यानं माझा हात धरला. एवढा दांडगा माणूस, पण पोरासारखा घट्ट धरला.

झोपडी कारवीच्या कुडाची, शेणानं लिंपलेली. एक दार, खिडकी नाही. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत एवढा अंधार, की दारातून पाऊल टाकल्यावर मी क्षणभर आंधळाच झालो. आत गारवा होता. आणि तोच वास, बाहेरच्यापेक्षा जास्त. रंभाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. साठीच्या, काटक, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला.

"कोन आलंय?" त्यांनी विचारलं.

"चित्र बघनारं आल्यात, आई. नुसतं बघनार."

"बघा की. पर हळू. ती नव्या मानसाला लाजती."

चित्र दाराकडे तोंड करून टांगलं होतं. दारातून थेट धरण दिसायचं. खाली पत्रावळीच्या तुकड्यावर दूधभात. मी दिवा मागून घेतला. भर दुपारीसुद्धा दिवाच लागतो, कारण तो बाजूनं तिरका धरला की रंगाची प्रत्येक भेग दिसते.

काय चित्र होतं म्हणून सांगू. तुमच्या हातातच आहे म्हणा. बाई लोडाला टेकलेली, हिरवं लुगडं, बोटावर पोपट. बाईच्या गालावर, पोपटाच्या पंखांवर बारीक जाळं पडलेलं, शंभर वर्षांच्या रंगाला पडतं तसं. आणि बाईच्या गुडघ्याशी, हिरव्या लुगड्याच्या पुढं, ती पोर. लाल परकर. एका हातात बाईच्या पदराचं टोक. केस कपाळाला चिकटलेले. बाई पोपटाकडे बघत होती. पोर सरळ बाहेर बघत होती.

तिच्यावर एकही भेग नव्हती.

ते मी बघितलं. पण तेव्हा माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. असलं चित्र माझ्या हाताखालून कधी गेलं नव्हतं. कुशाबाला दिलेला शब्द, त्यानं धरलेला हात, सगळं विसरलो. तोंडाला सवय, दुसरं काय. मी चुकचुकलो आणि म्हणालो, "बाईचं काम ठीक आहे. पण या पोरीनं घाण केली. ही मागाहून कुणीतरी काढली आहे. जुनी नाही. आता याला किंमत काय येणार?"

"परत म्हन," रंभाबाई म्हणाल्या.

मी कुशाबाकडे बघितलं. तो दारात उभा होता. त्याचा चेहरा बघितला तेव्हा मला दिलेला शब्द आठवला.

"परत म्हन की, दादा... मागनं आली ना ती? आधी न्हवती ना?" त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बत्तीस वर्सं सांगतीया मी. माझा घोव मला येडी म्हनून गेला. ह्यो पोरगा म्हनतो. आरं कुशा, ऐकलंस का? पुन्याचा मानूस सांगतोय."

कुशाबा खाली बसला. दाराशीच, उंबऱ्यावर, डोकं गुडघ्यात घालून.

तेव्हा मला खरोखर लाज वाटली. मी त्यांच्यापुढं बसलो आणि सांगितलं, "मावशी, मी खोटं बोललो. भाव पाडायला बोललो. आमच्या धंद्यात बोलतात तसं." आणि मघाशी तुम्हाला सांगितलं ते सगळं त्यांना सांगितलं. पुढचं ते आधीचं. पोर लुगड्याच्या पुढं आहे, म्हणजे ती लुगड्याच्याही आधी काढलेली. सगळ्यात पहिली तीच. शंभर वर्षांपूर्वी. तुमची सगुणा जन्मायच्या कितीतरी आधी.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "दाव."

मी चौकट उतरवली. पाठीची फळी काढली. आत ओल नव्हती, फळी खडखडीत कोरडी. तरी वास होता. मी रंगावरून अंगठा फिरवला. पोर पहिली काढली असेल तर तिच्या जागी रंगाचे दोन थर असणार, अंगठ्याला उंचवटा लागतो. लागला नाही. मी म्हटलं, काम सफाईचं आहे. पिशवीतून बारीक कानस काढली आणि जिथं परकर येतो त्या जागी तिच्या टोकानं नखाएवढा रंग खरवडला. आधी हिरवा निघायला हवा, लुगड्याचा. मग लाल.

हिरवा निघाला. मग नुसती काच निघाली.

मी दिवा मागं धरला. त्या नखाएवढ्या जागेतून उजेड आरपार आला. लाल रंगाचा ठिपकासुद्धा नाही. मग मी काच उलटी करून समोरून बघितली. परकर जसाच्या तसा, लालभडक, अखंड. मी खरवडलेली जागा समोरून दिसतच नव्हती. आणि पोर माझ्याकडे बघत होती.

मी काच पुन्हा पालटून बघितली. तेच.

"काय दिसतंय, दादा?" रंभाबाईंनी विचारलं.

कुशाबानं डोकं वर केलं. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मला आजही सांगता यायचं नाही. मला एवढंच कळलं, की इथं आता मी खरं बोललो तर ही बाई या झोपडीतून जिवंत बाहेर पडणार नाही. मी त्या जागेवर अंगठा ठेवला.

"लाल," मी म्हटलं. "हिरव्याखाली लाल आहे, मावशी. पोर पहिल्यापासून आहे."

त्यांनी हात पुढं केला. काचेवरून बोटं फिरवली, पोरीच्या तोंडावरून, कपाळावरून. रोज फिरवत असणार, कारण डोळ्यांना दिसत नसताना बोटं बरोबर तिथंच गेली. मग बोटं मागं घेतली आणि लुगड्याला पुसली.

"मंग माझी कुटं हाय?" त्या म्हणाल्या.

कुशाबा उठून तिच्यापाशी आला.

"ही दुसऱ्याची, तर माझी कुटं हाय? पान्यातच हाय व्हय... एकलीच? मी बत्तीस वर्सं परक्या पोरीला जेवू घातलं. माझी तितं उपाशी ऱ्हायली. कुशा... आरं, माझी उपाशी ऱ्हायली."

तेव्हाही मी बोलू शकलो असतो. अंगठा उचलायचा होता फक्त. मी उचलला नाही. कुशाबा आईला धरून रडत होता आणि मला वाटलं, रडू दे, रडून मोकळी होईल आणि पोराच्या घरी जाऊन चार वर्षं जगेल. मला खरंच तसं वाटलं.

ऊन उतरल्यावर त्यांनी नवा भात शिजवला. तो घेऊन त्या खाली चिखलात गेल्या, तिसऱ्या जोत्यावर. आम्ही मागं. तिथं पान ठेवलं आणि पाण्याकडे तोंड करून हाक मारली. एकदाच, हळू, अंगणात खेळणाऱ्या पोराला मारावी तशी. सगुणे, ये, जेवून घे. बराच वेळ उभ्या राहिल्या. काही आलं नाही. कावळासुद्धा नाही. वर आल्यावर मला म्हणाल्या, "चित्र घेऊन जा. पैसं नगंत. त्या पोरीचा राग न्हाई माझा. तिला बिचारीला काय ठावं."

दुसऱ्या दिवशी त्या कुशाबाबरोबर भऱ्याला गेल्या. मी घोंगडीत गुंडाळलेलं चित्र घेऊन पुण्याला आलो.

दुकानात येऊन घोंगडी सोडली. बाई होती, पोपट होता, हिरवं लुगडं होतं. पोर नव्हती. जिथं ती उभी होती तिथं लुगड्याच्या चुण्या अखंड, जुन्या, बारीक भेगांचं जाळं पडलेल्या. आणि त्या चुण्यांच्या मधोमध ही नखाएवढी उघडी जागा. हीच, तुम्ही मघाशी बोट ठेवून दोष म्हणालात ती. ही मी केलेली आहे.

मी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं. कुणाला सांगणार?

दिवाळीनंतर कुशाबा आला. टोपी हातात, तसाच उभा. आई गेली, म्हणाला. आश्विनात. खाणंपिणं नीट होतं, सून जीव लावायची, औषधपाणी केलं. पण श्रावणापासून तिनं एक नवंच काढलं होतं.

"सांजच्याला दाराकडं बघायची. म्हनायची, कोन उभी हाय बघ, भिजल्याली. आमी बघावं तर कोन न्हाई. मंग ती आपलीच बोलायची तिच्यासंगं. गोड बोलायची हां, चाचा, रागं न्हाई भरायची. म्हनायची, बाय, तू दुसऱ्याची. हितं नगं उभी राहू. तुजी आई वाट बघत आसंल, जा तिच्याकडं."

माझ्या हातातली चौकट मी खाली ठेवली.

"आन् मंग रडायची. कुना मायची पोर, म्हनायची, रोज येती. गेली त्या सांजंला म्हनली, आज ती जात न्हवती, लई विनवलं मी तिला. आता गेली बघ. रडत गेली." कुशाबानं टोपीनं तोंड पुसलं. "मी काय बघितलं न्हाई. पर उंबऱ्याजवळ जमीन वली हुती. आश्विनात... कोरडी ठाक पडाया पायजे. चाचा, ती पयल्यापास्नंच हुती ना चित्रात?"

"होय," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

"एकडाव बघू?"

"विकलं रे."

तो गेला. त्याला दुसरं काय सांगायचं होतं मी? तो माणूस शेतात राबतो, पोरं वाढवतो, त्याला रात्रीची झोप लागायला हवी.

त्याच दिवशी, दिवेलागणीला, मी इथंच जेवायला बसलो होतो. बायको जाऊन माझी तेव्हा तीन वर्षं झाली होती, मी एकटाच. दुकानाचं दार ओढून घेतलेलं. पहिला घास उचलला आणि तो वास आला, सुकल्या चिखलाचा. भीती वाटली म्हणता? वाटली. पण जास्त वाटलं ते वेगळं. जिला ती आई म्हणत होती तिनं हाकलून दिलेली सहा वर्षांची पोर आता कुठं जाणार, तर जो तिच्याबद्दल खोटं बोलला त्याच्याकडे. मी ताटातला भात वाटीत घेतला, दूध घातलं, कालवला आणि चित्रापाशी ठेवला. सकाळी वाटी रिकामी होती.

आठ वर्षं झाली याला. एक दिवस चुकवलेला नाही. पानशेतच्या पुरात हे दुकान बुडालं, शंभरेक चित्रं चिखलात गेली, हे एवढं तरंगत राहिलं. पालथं. सुलटं करताना मी देवाजवळ एकच मागितलं, की त्यात ती असू दे. बाई होती आणि पोपट होता. बस.

रोज तिला सांगतो. म्हणतो, सगुणे, तू रंभाबाईचीच. ती तुला ओळखत होती, बत्तीस वर्षं ओळखत होती, मी तिला चुकवलं. तू परत जा, या खेपेला ती तुला घेईल. पण धंद्यात जन्मभर खोटं बोललेला माणूस मी. माझ्या शब्दावर तिनं कशाला विश्वास ठेवावा?

म्हणून चित्र विकाऊ नाही. तिच्या ओळखीची ही एवढीच एक जागा उरली आहे. तुम्ही चांगले बाजूनं दिवा धरून बघताय आता, शिकलात. बघा, हवं तेवढं बघा.

फक्त वाटीला धक्का लावू नका. मघाशी तुम्ही आलात तेव्हाच मी ती तुमच्या समोर काठोकाठ भरली. आता बघा, निम्मी आहे. आणि आपण दोघं बसल्या जागचे हललेलो नाही.